एक मोठा की दोन छोटे

मास्तर कधी कुठल्या शाळेत शिकवायला गेले नव्हते. शोभेचे मासे वाढवून विकायचे, हा त्यांचा धंदा. पण मासे न्यायला आलेल्या माणसाची ते आधी तोंडी परीक्षा घ्यायचे, आणि उत्तरं पटली नाहीत तर त्याला रिकाम्या हाती परत पाठवायचे. म्हणून गल्लीनं त्यांना मास्तर करून टाकलं होतं, आणि त्यांची बायको त्यामुळे आपोआपच मास्तरीणबाई झाली होती. गिऱ्हाईक तोडायचं खातं ह्यांच्याकडे आणि जोडायचं माझ्याकडे, असं त्या हसत सांगायच्या.

बंद पडलेल्या छापखान्याच्या वरचा लांबोळा हॉल त्यांनी भाड्यानं घेतला होता. एका टोकाला ओटा आणि झोपायची खोली, बाकी सगळीकडे लोखंडी मांडण्यांवर तीन थरांत काचेचे टँक. कोपऱ्यात जाड गोणपाटावर एक हवेचा पंप ठेवलेला. त्यातून निघालेली नळी हॉलभर फिरायची आणि तिचा एकेक फाटा प्रत्येक टँकमध्ये उतरायचा. माशांचा सगळा श्वास त्या एका पंपावर. त्याची घरघर बाईंच्या इतकी अंगवळणी पडली होती, की ती थांबली तरच त्यांना जाग यायची.

वादळ दुपारी आलं आणि संध्याकाळी निघून गेलं. जाताना त्यानं मोठ्या रस्त्यावरचे विजेचे खांब एका बाजूनं आडवे केले. इन्व्हर्टर होता, तो दिवेलागणीलाच मान टाकून मोकळा झाला. सेलवर चालणारे दोन-चार चिल्लर पंप होते, ते मास्तरांनी ज्या टँकांत गर्दी जास्त तिथे सोडले. मग दोघांनी प्लास्टिकचे मग हातात घेतले. टँकमधलं पाणी मगात घ्यायचं, हात उंच करायचा आणि धार त्याच टँकमध्ये परत सोडायची. पडताना पाण्यात थोडी हवा मिसळते. एका टँकपाशी थोडा वेळ, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. शेवटच्या टँकपाशी पोचेपर्यंत पहिल्यातले मासे पुन्हा वर येऊन तोंडं उघडी टाकायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का आल्या तेव्हा दोघांचे खांदे भरून आले होते. आक्का म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. सबंध नोकरी बसमध्ये कंडक्टर म्हणून केलेली आणि आता निवृत्त झालेली. पादचारी पुलापलीकडच्या वस्तीत एकट्याच राहायच्या. तिकडची लाइन वेगळी होती, म्हणून तिथे लाइट होती. नणंद-भावजयींचं भांडण असं कधी झालं नव्हतं, पण जमलंही नव्हतं. माशांवर कुठे संसार चालतो का, असं आक्का फार पूर्वी चारचौघांत बोलून गेल्या होत्या. बाईंनी ते मनात ठेवलं होतं, आणि त्यांच्या घरी जायची वेळ आली की काहीतरी काम निघायचंच.

आक्कांनी पिशवी खुंटीला लावली, पदर खोचला, एक प्लास्टिकचा मग उचलला आणि खालच्या थरापासून सुरुवात केली. वीज कंपनीचा फोन लागला का, हे त्यांनी विचारलं. लागला होता, असं मास्तरांनी सांगितलं. संध्याकाळपर्यंत येईल म्हणाले होते. पण आदल्या दिवशीही ते हेच म्हणाले होते.

"मग तुम्ही दोघं बाजारात जा आणि ते बॅटरीचे डबे मिळतात, त्यातला एक घेऊन या," आक्का म्हणाल्या. "तोवर हे मी बघते."

अशा डब्यांना पॉवर स्टेशन म्हणतात हे मास्तरांना माहीत होतं. वर्षभर ते घ्यायचा विषय निघत होता आणि मागे पडत होता. आता निम्म्या शहराला तेच सुचलं होतं. दुकानाच्या दारात माणसं उभी होती आणि आत फळ्या रिकाम्या होत होत्या. दुकानदारानं सरळच सांगितलं, की एक मोठा उरलाय आणि दोन छोटे. मोठा डबा चाकांवर उभा होता, प्रवासाच्या बॅगेसारखी ओढायची दांडी असलेला. छोटे दोन जेवणाच्या मोठ्या डब्याएवढे, हातात धरून चालता येतील असे. तिन्ही घेण्याची या दोघांची ऐपत नव्हती. एक मोठा नाहीतर दोन छोटे, यातलं एकच काहीतरी.

पंप किती खातो, हे मास्तरांना तोंडपाठ होतं. दुकानदारानं हिशेब करून सांगितलं. नुसता पंप चालवला तर मोठा डबा आजची दुपार, रात्र आणि उद्याची दुपार काढेल. छोटा एक डबा जेमतेम अर्धी सकाळ. पण छोटा पटकन भरतो, मोठ्याला भरायला दिवस लागतो.

मास्तरांनी बायकोला बाजूला घेतलं. त्यांना छोटे हवे होते. एक आपल्याकडे चालेल, तेव्हा दुसरा आक्काकडे भरत राहील, मग अदलाबदल करायची. लाइट चार दिवस नाही आली तरी आपलं चालत राहील, असं त्यांचं म्हणणं.

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्यांचा उजवा गुडघा आधीच अधू होता आणि आता तो पायजम्यातूनही सुजलेला दिसत होता. डोळे खोल गेले होते. हा माणूस दिवसातून किती वेळा त्या पुलाच्या पायऱ्या चढणार आणि उतरणार? म्हणजे चढणार आपणच. आणि दर वेळी आक्कांचं दार वाजवायचं, दर वेळी आत या म्हणवून घ्यायचं, दर वेळी त्यांच्या भिंतीतल्या विजेसाठी आभार मानायचे. यातला पहिला विचार त्यांनी बोलून दाखवला. दुसरा दाखवला नाही.

"मोठा घेऊ," त्या म्हणाल्या. "उद्यापर्यंत लाइट येईलच. निदान एक रात्र तरी तुम्ही पाठ टेका."

मागे उभा असलेला माणूस म्हणाला, तुमचं ठरत नसेल तर छोटे मला द्या. आणि तेवढ्यावर ठरलं.

टेम्पोवाल्यानं हात लावला म्हणून तो डबा छापखान्याच्या बाहेरच्या लोखंडी जिन्यावरून वर आला. तरी प्रत्येक पायरीवर टेकवावा लागला. मास्तरांनी पंपाची वायर लावली, बटण दाबलं. पंपानं एक खोकला काढला आणि घरघर सुरू झाली. हॉलभर टँकांतून बुडबुडे वर आले. वर येऊन तोंडं वासणारे मासे हळूहळू खाली उतरले, आणि घटकाभरात गप्पींची पिल्लं पहिल्यासारखी एकमेकांच्या मागे लागली. मास्तर भिंतीला टेकून जमिनीवर बसले आणि तिथेच त्यांचा डोळा लागला. आक्कांनी त्यांच्या अंगावर चादर टाकली. बरं झालं मोठा घेतलास, असं भावजयीला म्हणून त्या घरी गेल्या. बाईंना मनातून फार बरं वाटलं.

डब्याच्या पडद्यावर उरलेल्या विजेचा आकडा दिसायचा. तापाच्या माणसाजवळ बसून पारा बघावा, तसा बाई तो आकडा येता-जाता बघत होत्या. तो उतरत होता, पण अगदी सावकाश.

लाइट संध्याकाळी आली नाही. पाऊस मात्र पुन्हा आला, गार वाऱ्याचा, आणि हॉल गारठला. बाकीच्या माशांना त्याचं फारसं काही नव्हतं. पण खोलीच्या दाराशी असलेल्या मोठ्या टँकमध्ये डिस्कसची जोडी होती. बशीएवढे गोल, पातळ मासे, अंगावर निळ्या लाटा. त्यांना पाणी कोमट लागतं. मास्तरांनी ती जोडी पिल्लांपासून वाढवली होती. कुठल्याही किमतीला विकली नव्हती, आणि तिच्यासमोर खुर्ची टाकून रोजचा चहा प्यायची त्यांची सवय होती. आता दोन्ही मासे काळवंडून एका कोपऱ्यात तिरके होऊन पडले होते. टँकला जुन्या चादरी गुंडाळल्या, गॅसवर तापवलेलं पाणी बाटल्यांत भरून आत सोडलं. हीटर लावायचा नाही, हे दोघांचं ठरलेलं होतं. हीटर वीज नुसती पितो.

बाई झोपल्या त्या पंपाच्या आवाजाच्या भरवशावर. पहाटे उठल्या, तोंड धुऊन डब्याकडे गेल्या, आणि आकडा दोनदा वाचला. तळ दिसायला आला होता. डब्याला दुसरी एक वायर लागलेली होती. ती कुठे जाते हे शोधायची गरज नव्हती. मास्तर डिस्कसच्या टँकसमोर खुर्चीवर बसले होते.

"थोडाच वेळ लावणार होतो," ते म्हणाले. "मग काढवेना."

बाईंनी वायर उपसली. ओट्याशी जाऊन त्यांनी चहाचं भांडं असं आदळलं, की मास्तर खुर्चीवरून उठून उभे राहिले. वीज कंपनीचा फोन आता कुणी उचलतच नव्हतं. खाली रस्त्यावर विचारलं तर कुणी म्हणालं, खांब बाहेरगावाहून यायचेत. कुणी म्हणालं, आलेत, पण माणसं नाहीत.

ऑफिसं उघडायच्या वेळेला डबा संपला. पंप हळूहळू नव्हे, एकदम थांबला.

आता तो डबा भरून आणायचा तर आक्कांकडे न्यायला हवा, म्हणजे आधी जिन्यावरून खाली. काल टेम्पोवाला होता, आज दोघंच. बाई वरून दोरी धरून उभ्या राहिल्या आणि मास्तर खालून खांदा देऊन एकेक पायरी उतरू लागले. लोखंडी पायऱ्या पावसानं निसरड्या झाल्या होत्या. निम्म्यावर आल्यावर मास्तरांचा गुडघा वळला. दोरी बाईंच्या तळहाताची साल काढत सुटली, डबा घसरला आणि मास्तरांना घेऊन खालपर्यंत गेला.

बाई धावत खाली पोचल्या. मास्तर पाय पोटाशी धरून बसले होते, तोंड पांढरं पडलेलं. त्यांनी पायाची बोटं हलवून दाखवली, हाड मोडलेलं दिसत नव्हतं. पण उभं राहायचा प्रयत्न केला तेव्हा त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला, तो बाईंनी इतक्या वर्षांत ऐकला नव्हता. डब्याचा कोपरा चेपला होता. बटण दाबल्यावर पडदा मात्र लागला.

बाईंना आधी डॉक्टर गाठायचा होता. मास्तर ऐकेनात. आधी डबा, माझं काय, मी काही मरत नाही, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. मग त्यांनी जिन्याकडे पाठ केली, खालच्या पायरीवर बसले, दोन्ही हात मागच्या पायरीवर टेकले आणि अंग वर ओढून घेतलं. मग त्याच्या वरची पायरी. असे बसल्या बसल्या ते वर निघाले, मासे होते तिकडे. बाईंनी डब्याची दांडी बाहेर ओढली आणि चालू लागल्या.

सपाट रस्त्यावर चाकं बरी चालली. पण रेल्वेखालचा बोगदा पाण्यानं तुंबला होता, त्यामुळे गाड्या बंद होत्या आणि पादचारी पुलाखेरीज पलीकडे जायला वाट नव्हती. पुलाच्या पायऱ्यांपाशी त्या येऊन उभ्या राहिल्या. दांडीला धरून डबा पहिल्या पायरीवर चढवला, दुसऱ्या पायरीवर चढवला, आणि तिसरीवर हातच उचलेनात. सोललेल्या तळव्यातून पाणी येत होतं. माणसं बाजूनं जात-येत होती. छोटे दोन डबे डोळ्यांपुढून हलत नव्हते. दोन हातांत दोन धरून एव्हाना त्या पुलावरून दोनदा जाऊन आल्या असत्या.

ऑफिसला निघालेला एक माणूस थांबला. हे काय आहे, असं त्यानं विचारलं. बाईंनी सांगितलं, बॅटरी आहे. घरी कुणी आजारी आहे का, मशीनवर? बाईंनी मान हलवली, होय म्हणून. त्यानं आपली बॅग गळ्यात अडकवली, दुसऱ्या एकाला हाक मारली, आणि दोघांनी डबा उचलून पुलापार नेऊन ठेवला. निरोप घेताना तो म्हणाला, काळजी करू नका, बरं वाटेल त्यांना. बाईंना त्याच्याकडे बघवेना. पण खरं काय ते सांगावं, असंही त्यांना वाटलं नाही.

आक्कांनी दार उघडलं आणि काही न विचारता वायर भिंतीतल्या प्लगला लावली. पडद्यावर आकडा लुकलुकू लागला. पूर्ण भरायला संध्याकाळ होणार, असं तो दाखवत होता. बाई तिथेच फरशीवर बसल्या. हॉलमध्ये एक लंगडा माणूस, एक मग आणि इतके टँक. त्यांनी मास्तरांच्या पायाचं सांगितलं, हीटरचं सांगितलं, आणि मग न ठरवता पुढचंही बोलून गेल्या.

"ते छोटेच घेऊ म्हणत होते, आक्का. छोटे घेतले असते तर मला सारखं तुमच्या दारात यावं लागलं असतं. ते नको म्हणून मी मोठा घेतला."

आक्कांनी वायर प्लगमध्ये नीट दाबून बसवली.

"तुला माझ्याकडे यायला आवडत नाही, हे मला काय आज कळलं?" त्या म्हणाल्या. "त्याचं नंतर बघू. आधी ऊठ, तो पाण्याचा पिंप मोकळा करायचाय."

आक्कांच्या मनात आलं होतं ते हे, की डबा इथून लवकर हलत नसेल तर मासेच इकडे आणायचे. बाईंना ते पहिल्याच दिवशी सुचलं होतं. पण मास्तरांनी नको म्हटलं होतं. पिशव्यांत कोंबून, पाणी बदलून निम्मे वाटेतच मरतील, संध्याकाळी लाइट येईल, उगाच हाल कशाला. आता मास्तरांचं म्हणणं विचारायला वेळ नव्हता. दोघींनी पिंप, बादल्या, टब, कपडे भिजवायचं घमेलं, सगळं धुऊन पाणी भरून ठेवलं. गिऱ्हाइकांना विकायचे लाइटवरचे छोटे पंप हॉलमध्ये खोक्यात पडून होते, ते येताना आणायचे ठरलं. आणि दोघी पूल ओलांडून परत आल्या.

हॉलमध्ये शिरताच वास आला. मास्तर पालथ्या बादलीवर बसून मधल्या थरातल्या टँकांत धार सोडत होते. बसून जिथवर हात पोचत होता, तिथवरचे टँक जिवंत होते. वरच्या थरात त्यांचा हात पोचला नव्हता. तिथे पाण्यावर पांढरी पोटं तरंगत होती. गोल्डफिश सगळे गेले होते, त्यांना हवा फार लागते. मास्तरांनी मान वर केली नाही. त्यांचा हात यंत्रासारखा खाली-वर होत होता आणि पायाखाली फरशीवर पाण्याचं तळं झालं होतं.

बाईंनी त्यांच्या हातातला मग धरून थांबवला आणि काय करायचं ठरलंय ते सांगितलं. सगळे नेता येणार नाहीत हे उघड होतं. विक्रीच्या जाड पिशव्या होत्या तेवढ्याच, आणि नेणाऱ्या दोघी. कुठले न्यायचे ते सांगा, असं बाई म्हणाल्या.

मास्तरांनी हॉलभर नजर फिरवली. ती एका मांडणीपासून दुसऱ्या मांडणीपर्यंत गेली आणि परत आली. त्यांनी खालची जाळी उचलली.

"मला विचारू नकोस," ते म्हणाले. "तू बोट दाखव. मी पकडून देतो."

मग बाईंनी बोट दाखवलं. एका पिशवीत जास्तीत जास्त जीव जातील, असे त्यांनी निवडले. गप्पी, एंजलची पिल्लं, अजून रंगही न भरलेली बारकी मॉली. मोठे मासे नाहीत, कारण एकेका मोठ्या माशाला एक पिशवी लागली असती. मास्तर बादलीवरून बादलीवर सरकत, जाळी पाण्यात घालत, पिल्लं उचलत. हात त्यांचा अजूनही तसाच हलका होता, एकही पिल्लू जाळीबाहेर उडालं नाही. आक्का पिशव्यांची तोंडं रबरानं आवळत होत्या. डिस्कसच्या टँकपाशी आल्यावर बाई थांबल्या. जोडी तळाशी होती, कल्ले उघडझाप करत.

त्यांनी एक मोठी पिशवी उचलली. मास्तरांनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली, तिच्यात पाणी भरलं आणि एंजलची आणखी पिल्लं सोडली.

"त्यांना मी बघतो," ते म्हणाले. "तुम्ही निघा."

दोघी खांद्यांवर आणि दोन्ही हातांत पिशव्या घेऊन निघाल्या. पुलावर गर्दी होती. आक्कांनी बसमधला आवाज काढला. पुढे चला, मध्ये उभे राहू नका, दार मोकळं ठेवा. माणसं खरोखरच कठड्याला चिकटली. एरवी बाईंना हसू आलं असतं. पिशव्यांतलं पाणी पायांवर आपटत होतं, आणि प्रत्येक पिशवीकडे बघत, हलतंय का, हलतंय का, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. आक्कांच्या मोरीत पंप लावले, पिशव्या आधी तशाच पाण्यात तरंगत ठेवल्या, मग सोडल्या. एका पिशवीतलं काहीच हललं नाही. बाकीच्यांतली पिल्लं तळाशी गेली, दबकून बसली आणि मग एक-एक वर आली.

दुसरी खेप झाली. दुसऱ्या खेपेनंतर डबा बघितला, तर निम्म्याच्या जवळ भरला होता. पूर्ण भरायची वाट बघायची नाही, असं दोघींनी एकदमच ठरवलं. आक्का चौकातून एका हातगाडीवाल्याला घेऊन आल्या. पुलापर्यंत त्याच्या गाडीवर, पुलावर येणाऱ्या-जाणाऱ्या चौघांनी धरून, पलीकडे परत चाकांवर. जिन्याखाली छापखान्याच्या शेजारचे दोन सुतार आले आणि त्यांनी तो वर चढवला.

पंप सुरू झाला तेव्हा मास्तर डिस्कसच्या टँकला डोकं टेकून बसले होते. पाण्याचा मग अजून हातातच होता. मादी गेली होती. ती त्यांनी बाहेर काढून ओल्या फडक्यावर ठेवली होती. नर तळाशी आडवा होता. बुडबुडे वाढले तसा तो थोडा सरळ झाला. हीटरची वायर बाईंनी स्वतः उचलली आणि डब्याला लावली. मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"राहू दे थोडा वेळ," बाई म्हणाल्या. "मी आकड्याकडे बघतेय."

लाइट दुसऱ्या दिवशी दुपारी आली. कुणी फोन केला नाही, कुणी सांगितलं नाही. ओट्यावरचा दिवा लागला, एवढंच. तोपर्यंत हॉलमधले निम्म्याहून जास्त मासे गेले होते. बाईंनी ते बादल्यांनी खाली नेले आणि छापखान्यामागच्या परसात खड्डा करून पुरले.

मास्तरांच्या गुडघ्याला प्लास्टर घालावं लागलं. ते खोलीत पडून राहायचे, छताकडे बघत. मासा या विषयावर बोलायचे नाहीत. गिऱ्हाईक आलं तर बाई परस्पर सांगायच्या की माल नाही. एकदा त्यांनीच विषय काढला. छोटे घेतले असते तर एवढं झालं नसतं, असं त्या म्हणाल्या. कुणास ठाऊक, असं मास्तर म्हणाले. छोटे घेतले असते तर मी पुलावर पडलो असतो. आणि हीटर तर मीच लावला. मग त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि चादर कानावर ओढून घेतली. बाई त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिल्या. पाठ बराच वेळ हलत होती.

रिकामे झालेले टँक त्यांनी परत भरले नाहीत. निम्म्या मांडण्या काढून टाकल्या, आणि हॉलच्या अर्ध्या भागाचं भाडं देणंही बंद केलं. तिथे आता सुतारांच्या फळ्या रचलेल्या असतात. डिस्कसचा नर जगला, पण त्याच्या अंगावरचे निळे पट्टे पुन्हा पूर्वीसारखे उठले नाहीत.

मोरीत राहिलेल्या पिल्लांसाठी बाई रोज सकाळी पुलापलीकडे जाऊ लागल्या. पाणी किती बदलायचं, खाणं किती टाकायचं, हे त्यांनी आक्कांना दाखवलं. आक्का खाणं जास्तच टाकायच्या आणि कबूल करायच्या नाहीत. प्लास्टर निघाल्यावर मास्तर काठी टेकत बाईंबरोबर गेले. पूल चढायला त्यांना फार वेळ लागला. मोरीच्या दारात स्टूल टाकून ते पिंपात वाकून बघत बसले. एंजलच्या पिल्लांना रंग भरायला लागला होता. पाणी जरा गढूळ आहे, असं ते बऱ्याच वेळानं म्हणाले.

आक्का आतून म्हणाल्या की कालच बदललंय. बाईंनी बादली उचलून नळाखाली लावली.